पारखून नाकारलेला दगड

घाटकोपर स्टेशनबाहेरचा भाजीवाला पाचशेची नोट उजेडात धरतो, बोटांनी चाचपतो आणि परत देतो. 'दुसरी द्या.' हा काही नुसता नकार नव्हे. त्यानं आधी पारख केली, मग नोट बाद ठरवली. आजचं आपलं ग्रीक क्रियापद नेमकं हेच सांगतं: अपोदोकिमाझो.

बायबलच्या ११८व्या स्तोत्रात एक दगड आहे. बांधणाऱ्यांनी टाकलेला, पण पुढे कोपऱ्याचा मुख्य दगड झालेला. त्याच्या ग्रीक भाषांतरात हे क्रियापद येतं, आणि शुभवर्तमानात येशूच्या तोंडीही तेच. 'दोकिमाझो' म्हणजे पारखणं, 'अपो' म्हणजे दूर. भूतकाळी रूप अपेदोकिमासान. गंमत बघा, भूतकाळाचा 'ए' शब्दाच्या सुरुवातीला लागत नाही, उपसर्ग आणि धातूच्या मधे शिरतो. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना 'निर्गच्छति'चं 'निरगच्छत्' आठवेल. तिथला 'अ' अगदी असाच मधे बसतो. आणि 'अपो' हा आपल्या 'अप'चा सख्खा भाऊ.

अथेन्सच्या बाजारात 'दोकिमास्तेस' बसायचा, नाणी पारखणारा. हा सरकारी गुलाम असे. इसवी सनापूर्वी ३७५च्या सुमाराचा कायदा दगडावर कोरलेला सापडलाय: नाणं खोटं निघालं तर त्यानं ते तिथेच कापायचं. आपल्याकडे हे काम पोतदाराचं. म्हणून या क्रियापदासाठी नुसतं 'नाकारणं' लिहिलं की माझ्या मते अर्धा अर्थ सांडतो. दगड कुणा वाटसरूनं लाथाडलेला नाही, जाणत्या गवंड्यांनी हाताळून बाद केलाय.

हे क्रियापद मराठीत आणणाऱ्यांपैकी एक होत्या पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'सरस्वती' पदवी दिली. म्हणजे पारख झाली, नाणं खरं ठरलं! १८८३मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८८९मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. रानडे, भांडारकर सल्लागार होते. मग सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात म्हणून 'केसरी'नं टीका लावून धरली, आणि १८९३ साली हे दोघेही बाहेर पडले. ही माणसं परकी नव्हती, रमाबाईंची योग्यता पुरती जाणून होती.

पुढे केडगावला रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या. एप्रिल १९२२मध्ये त्या वारल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं होतं. संस्कृतात मुरलेल्या या बाईंना 'अपेदोकिमासान'मधला तो मधला 'ए' कुणी समजावून सांगावा लागला नसेल.