विहिरीच्या तळाखाली

घोडेगावातून भीमाशंकरकडे निघालं की डिंभ्याच्या अलीकडे एका शेतात यारी उभी आहे. विहीर चाळीस फुटांवर गेलीय. तुम्ही बकेटमध्ये उभे राहता, तार घट्ट धरता.

“पाय आत घ्या, पाहुणं,” यारीवाला ओरडतो, आणि आभाळ लहान होऊ लागतं.

आधी हातभर काळी माती, मग मुरूम. एवढ्यात हजारो वर्षं सरली. इथून ईशान्येला, जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठात राखेचा एक थर आहे. ती राख इथली नाही. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडून आलेली आहे. बहुतेक अभ्यासक तिचं वय सुमारे 75,000 वर्षं धरतात, काही त्याहून बरंच जास्त. तिथंच माणसानं घडवलेली दगडी हत्यारंही सापडलीत. पण माणसापाशी थांबलात तर आजचा प्रवास फारच आखूड होईल.

मुरूम संपून मांजऱ्या लागतो, भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा. हात लावा. दगड कोमट आहे. आणखी खाली, गरम. मग भिंतच विरघळते आणि तुम्ही उघड्यावर उभे असता. 6 कोटी 60 लाख वर्षं मागे.

शेंड्यातून धूर सोडणारा डोंगर शोधू नका. जमिनीलाच मैलोन्‌मैल भेगा पडल्यात आणि रस वर येतोय, गुऱ्हाळाच्या कढईतल्या पाकासारखा, फक्त हजार अंशांहून तापलेला. पसरता पसरता त्याच्यावर साय धरते. सायीखाली नवा रस शिरतो आणि ती उचलली जाते, तव्यावर भाकरी फुगावी तशी. आतल्या वायूचे बुडबुडे वर येता येता अडकतात, दगड होतात. याच भोकांत पुढं झिरपतं पाणी पांढरे स्फटिक भरील. म्हणून मांजऱ्या ठिपकेदार. गंधकाच्या वासानं तुमचा घसा धरतो. मध्येच सारं शांत होतं. पाऊस पडतो, दगड कुजून माती होते, नेचे उगवतात. मग पुढचा लोट येतो आणि ती माती भाजून लाल करतो. माळशेज घाटात कड्याच्या पोटात दिसणारा तांबडा पट्टा हाच, आपला गेरू.

दुपारी वर पाहा. सूर्य उत्तरेकडे कललाय! तुम्ही विषुववृत्ताच्या बरेच दक्षिणेला आहात, आज रीयुनियन बेट आहे त्या टापूत. त्या बेटावरचा ज्वालामुखी अजून जागा आहे. आपण तेवढे पुढं सरकून आलो. थरांची ही मुख्य चवड दहा लाख वर्षांच्या आसपास रचली गेली. झिजून उरलेली आजही 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलीय. तिच्यातल्या एका मोठ्या थरसमूहाला भूवैज्ञानिकांनी भीमाशंकरचंच नाव दिलंय. या विषयावर परदेशात निघणाऱ्या शोधनिबंधांतही आपला देव असतो.

पण खंड इथं जन्मला नाही. सह्याद्रीला आपण महाराष्ट्राचा पाया म्हणतो, ते साफ चूक. सह्याद्री हा गिलावा आहे, भिंत त्याच्याआड. कोयनेजवळ गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे 1,250 मीटरवर काळा दगड संपला आणि ग्रॅनाइटच्या जातीचा फिकट खडक लागला. वय अडीच अब्ज वर्षांहून जास्त.

तिकडेच उतरायचंय. श्वास धरा, कारण आता हवेत प्राणवायू नाही. पायाखाली जमीनही नाही. लोहानं हिरवट झालेला समुद्र, चंद्र आजच्यापेक्षा जवळ, भरती अक्राळविक्राळ. समुद्राचा तळ काळ्या बेसाल्टचा आहे, जड. तो जुना होतो, थंड होतो, कुठंतरी पोटात बुडतो आणि जाताना पाणी घेऊन जातो. पाणी मिसळलं की तप्त खडक लवकर वितळतो. त्यातला हलका अंश सुटून वर येतो, थिजतो, पुन्हा तापतो, पुन्हा गाळला जातो. ताक घुसळताना लोणी वर यावं तसं हे चाललंय, कोट्यवधी वर्षं. हलकं म्हणून ते पुन्हा बुडत नाही, आणि गोळ्याला गोळा चिकटत जातो. अशा बेटांच्या रांगा एकमेकींवर आदळून धारवाडचा जुना खंड जमला. कर्नाटकात तो उघडा पडलाय. इथं लाव्ह्याखाली झाकलेला.

परत निघा. गोंडवन हा महाखंड फुटतो, नऊएक कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटतं. लाव्ह्याच्या पाठोपाठ सेशेल्सही तुटून जातं. त्या बेटांच्या किनाऱ्यावर ग्रॅनाइटच्या गुळगुळीत शिळा उन्हात पडल्यात, आणि आपल्याला मात्र खालचा ग्रॅनाइट पाहायला भोकं पाडावी लागतात. भाऊबंदांच्या वाटणीत असंच होतं. उरलेला तुकडा तुम्हाला घेऊन उत्तरेला धावतो, वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्या पुढे. पाचएक कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकतो, आणि दोन खंडांचा एक होतो. हिमालय ही त्याची शिवण. अजूनही आपण वर्षाला पाचएक सेंटीमीटर आत रेटतोच आहोत.

वर येता येता पाऊस ऐकू येतो. घोड नदी गाळ घेऊन भीमेला जाते, भीमा कृष्णेला, आणि घाटमाथ्याची माती बंगालच्या उपसागरात पडते. डोंगर कणाकणानं झिजतो असं पुस्तकात असतं. इथल्या आंबेगाव तालुक्याला तसं सांगू नका. 30 जुलै 2014 च्या पहाटे तिथल्या माळीण गावावर डोंगराची कूस कोसळली, दीडशेच्या वर माणसं गेली.

बकेट कडेला लागते. विहिरीचा मालक पुढं येतो.

“काय लागलं?”

“गेरू.”

“मग अजून एक थर उतरावं लागंल,” तो म्हणतो, आणि यारीवाल्याला हात करतो.