दोन आण्यांचा हिशेब

बेळगावहून कोल्हापूरला जाताना निपाणी मागे पडले, की थोड्याच वेळात कागल येते. आता महामार्ग रुंद झाला आहे, गाड्या भरधाव जातात आणि गाव कधी आले, कधी गेले ते कळतही नाही. पण या गावाजवळून जाताना आजही माझे मन थोडे थबकते. त्याचे एक कारण इतिहासातले आहे आणि एक माझ्या स्वतःच्या आयुष्यातले. पहिले आधी सांगतो. दुसरे सांगायला जड जाते, म्हणून ते शेवटी.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे बालपण या कागलात गेले. जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. पण वडील कागल संस्थानच्या नोकरीत होते. प्राथमिक शिक्षण कागलात झाले आणि पुढे थोरल्या भावाबरोबर गोपाळ कोल्हापूरला शिकायला गेला. १८७९ साली वडील वारले. त्या वेळी गोपाळ तेरा वर्षांचा होता आणि थोरले बंधू गोविंदराव अठराच्या आसपास. दोघांनी शिकावे एवढी घरची ऐपत उरली नाही. गोविंदरावांनी आपले शिक्षण सोडले आणि कागलात दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत आई, बायको, बहिणी असा सगळा संसार. हा हिशेब कागदावर मांडून पाहावा, म्हणजे त्या आठ रुपयांचे वजन कळते.

गोखल्यांच्या त्या दिवसांतली एक गोष्ट त्यांच्या चरित्रांतून नेहमी सांगितली जाते. एक सोबती त्यांना नाटकाला घेऊन गेला. गोपाळला वाटले, मित्राने आग्रहाने नेले आहे, म्हणजे तिकीटही त्यानेच काढले. काही दिवसांनी मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने वाद घातला नाही. दोन आणे दिले आणि ते भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल वाचवले. रात्रीचा अभ्यास रस्त्यावरच्या कंदिलाखाली केला.

आपण ही गोष्ट मुलांना काटकसरीचा धडा म्हणून सांगतो. मला तिच्यात वेगळेच काही दिसते. ते दोन आणे गोपाळचे नव्हतेच. ते गोविंदरावांच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणातून आलेले होते. भावाला पत्र लिहून आणखी दोन आणे मागवणे अशक्य नव्हते. पण कुणाच्या ताटातला घास कमी होईल हे मुलाला नेमके ठाऊक होते. मॅट्रिक झाल्यावर आता आपण नोकरी करावी, असे गोपाळच्या मनात आले, तेव्हा त्याने पुढे शिकावे म्हणून वहिनींनी आपले दागिने विकण्याची तयारी दाखवली, असेही चरित्रकार सांगतात. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झालेल्या या तरुणाला मोठ्या पगाराच्या वाटा मोकळ्या होत्या. तरी तो डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य झाला. वीस वर्षे तुटपुंज्या वेतनावर शिकवण्याचा तो करार होता आणि त्यासाठी त्याला आधी बंधूंची समजूत घालावी लागली. ज्याच्या पैशावर आपण शिकलो, त्याला विचारल्याशिवाय त्याग करण्याचाही अधिकार आपल्याला नाही, ही जाणीव मला त्यागाहून मोठी वाटते.

पण गोपाळला भाऊ होता. ज्यांना असा भाऊ नव्हता, त्या गरीब मुलांनी काय करावे?

जुन्या काळी याचे उत्तर होते वार आणि माधुकरी. वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार रिकामा राहिला, की त्या दिवशी उपास. माधुकरी म्हणजे झोळी घेऊन दारोदार शिजलेले अन्न मागणे. पुण्यासारख्या शहरात कितीतरी मुले या अन्नावर शिकली आणि पुढे नावारूपाला आली. आजच्या वसतिगृहात ताट नुसते सरकवून उठणाऱ्या मुलांनी हे ऐकण्यासारखे आहे, यात शंका नाही.

मात्र या प्रथेचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. कुठे यजमानीण आईच्या मायेने वाढी, तर कुठे दोन पोळ्यांच्या बदल्यात पाणी भरणे, पोरे सांभाळणे, बाजार आणणे अशी कामे पडत. शिळे वाढले तरी बोलायचे नाही. उपकाराचे ओझे मनावर बसे. कुणी त्यातून नम्र झाला, कुणी लाचार झाला, तर कुणाच्या मनात कायमची अढी राहिली. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की ही पंगत ब्राह्मणाच्या मुलापुरती होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या, मांगाच्या मुलाने कोणाच्या घरी वार लावायचा? गावात शाळा असली तरी त्याला शिकण्यासाठी शहरात पाय ठेवायला ओसरी नव्हती. तो शिकत नाही, त्याला विद्येची आवड नाही, असे मात्र बिनदिक्कत म्हटले जाई.

याचे उत्तरही कागलच्याच घराण्यातून यावे, हा इतिहासाचा योग. कागलकर घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. सर्व जातींसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहात एकाच जातीची मुले राहतात, हा अनुभव त्यांनी घेतला आणि मग वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी करण्याचा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यानंतरच्या वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. वाराचे अन्न कुणाच्या मर्जीवर अवलंबून होते. बोर्डिंगातली जागा हा जवळजवळ हक्क होता. खेड्यातल्या मुलाला मान खाली न घालता जेवता येऊ लागले, हा बदल लहान नव्हे.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक विद्यार्थी राहत होता. नाव भाऊराव पायगोंडा पाटील. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला तो जाऊन आला. परत आल्यावर अंघोळ करून मगच भोजनगृहात ये, असे त्याला सांगण्यात आले. त्याने ते मानले नाही आणि बोर्डिंगातली जागा गमावली. परगावी शिकणाऱ्या मुलाला डोक्यावरचे छप्पर आणि दोन वेळचे जेवण म्हणजे काय, हे बाहेर राहून शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एका अंघोळीने ते वाचले असते. कोणी त्याला दोषही दिला नसता.

पुढे याच भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. तिथे सर्व जातीधर्मांची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीला जेवत. कामे सगळ्यांनीच करायची. जो शिकतो त्याने घाम गाळून आपल्या अन्नाचा वाटा उचलायचा. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज जाहिरातीसारखे वापरले जातात. पण त्यांच्या मुळाशी माधुकरीला दिलेले उत्तर आहे. दान घेणाऱ्याची मान झुकते, श्रम करणाऱ्याची झुकत नाही. तरी श्रमाने सगळे भागत नसे. कोठीत धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. गोखल्यांच्या वहिनी आठवतात त्या इथे. आपल्याकडच्या विद्येच्या इतिहासात बायकांच्या दागिन्यांचे एक वेगळे प्रकरण लिहायला हवे.

आता आपल्या सीमेबाहेरच्या एका मराठी ठिकाणाकडे वळू. बडोदे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले होते. पुढे १९१३ मध्ये अमेरिकेतल्या शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली. बदल्यात परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार झाला. न्यूयॉर्कला त्या पैशात पोट मारून पुस्तके घेतली आणि त्यातूनच काही घरीही पाठवले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. जहाज पाणतीराने बुडाले आणि पुस्तकांसह सामान समुद्रात गेले. टॉमस कुक कंपनीने त्याची भरपाई म्हणून ६०० रुपये दिले. त्यातले काही रमाबाईंच्या हाती ठेवून उरलेल्या पैशांवर आंबेडकर बडोद्याला गेले. ज्या करारावर शिकलो तो पाळायला, आपल्याच बुडालेल्या सामानाच्या पैशातून!

तिथे काय झाले ते सर्वश्रुत आहे. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. गाडीची वेळ होईपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले. विद्यार्थी आपला शब्द पाळायला आला होता. शब्द पाळण्यासाठी लागणारी चार हात जागा मात्र समाजाने दिली नाही. करार मोडला कोणी, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

पुढे सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज यांच्या जोरावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. दुपारचे जेवण नाही आणि रात्री भाजलेल्या पापडांवर भूक भागवायची, अशा स्थितीत ग्रंथालयातला अभ्यास चालला. इकडे मुंबईत रमाबाई संसार ओढत होत्या. परतल्यावर त्यांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेने सुरुवातीलाच, १९२५ मध्ये, सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. स्वतः उपाशी शिकलेल्या माणसाने आपले ऋण असे पुढच्या पिढीकडे फेडले.

या सगळ्यातून मला एवढेच कळते: गरिबी माणसाला आपोआप प्रामाणिक करीत नाही आणि आपोआप लबाडही करीत नाही. आपण कुणाच्या पैशावर शिकतो, हे ज्याला ठाऊक असते त्याचे पाऊल सहसा घसरत नाही. पण हे अर्धेच सत्य. ज्या समाजाने गरीब विद्यार्थ्याचा घास उचललेला नाही, त्या समाजाला त्याच्याकडून नीतीची अपेक्षा करण्याचा अधिकारही अर्धाच असतो.

आता माझा हिशेब.

१९७४ साली मी कोल्हापुरात एम. ए. करीत होतो. निपाणीकडची आमची थोडी तंबाखूची जमीन. त्या वर्षी तंबाखूला दर नव्हता. मी ज्या मावशींच्या खाणावळीत जेवत असे, त्यांनी दोन महिने पैसे मागितले नाहीत. फक्त वहीत आकडा लिहून ठेवीत. ४८ रुपये झाले होते. परीक्षा संपल्यावर मी पहाटेच्या एस.टी.ने गावी निघून आलो. नोकरी लागली की पाठवू, असे मनाशी म्हटले. नोकरी लागली, लग्न झाले. तीन वर्षांनी गेलो तेव्हा त्या घराला कुलूप होते. मावशी मुलाकडे गेल्या, कुठे ते शेजाऱ्यांना सांगता आले नाही.

पुढे मी सीमाभागातल्या एका कॉलेजात शिकवत असताना एक विद्यार्थी उत्पन्नाचा दाखला घेऊन आला. घरची मिळकत त्यात खरी नव्हती. सवलतीच्या अर्जावर माझी सही हवी होती. “सर, एक सही तेवढी द्या की. जमीन कागदावर हाय, पोटात काय न्हाई,” तो म्हणाला. मी सही दिली नाही. खोट्यावर सही करणे मला शक्य नव्हते आणि आजही मी ती करणार नाही. पण त्याला चांगले पाच मिनिटे प्रामाणिकपणावर ऐकवले आणि घरी गेलो. तो पुन्हा वर्गात दिसला नाही.

त्या रात्री मला मावशींची वही आठवली. नाही म्हणणे बरोबर होते; नाही म्हणून तिथेच थांबणे बरोबर नव्हते. त्याची फी मी भरू शकलो असतो. निदान चार सहकाऱ्यांपुढे विषय काढू शकलो असतो. पुढच्या जूनपासून आम्ही काही शिक्षकांनी दरमहा थोडे पैसे बाजूला काढायला सुरुवात केली. फी आणि खाणावळ भागेल एवढे. कुणाला दिले ते कुठे लिहिले नाही. निवृत्त झाल्यावरही माझा वाटा मी पाठवतो. पण तो मुलगा परत आला नाही आणि ४८ रुपये ज्यांचे होते त्यांना मिळाले नाहीत.

कागल ओलांडून गाडी कोल्हापूरकडे वळते. दोन आणे मागितल्याबरोबर देऊन टाकणारा तो मुलगा याच गावचा, एवढे मनात येते आणि मी खिडकीबाहेर पाहत राहतो.