जामीन आणि घरच्यांचा सांभाळ

बंगळुरूच्या एचएसआर लेआउट भागात नोकरीनिमित्त परराज्यांतून आलेली अनेक छोटी कुटुंबे राहतात. अशा घरातील कर्त्या व्यक्तीची रवानगी परप्पन अग्रहार मध्यवर्ती कारागृहात झाली, तर मागे राहिलेल्या मुलांना किंवा अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांना कोण सांभाळणार, हा प्रश्न जामिनाच्या सुनावणीत पुढे येतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८० मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांतही बालक, महिला, आजारी आणि दुर्बल आरोपींना जामीन देण्याची मुभा न्यायालयाला देते. मात्र आजारपण आरोपीचे स्वतःचे असावे लागते, घरच्यांचे नव्हे. एकट्याने मूल वाढविणाऱ्या पित्याचा या यादीत उल्लेखच नाही. त्याची भिस्त न्यायाधीशांच्या विवेकावर, आणि ही कायद्यातील ठळक उणीव आहे.

महिलांनाही ही सवलत आपोआप मिळत नाही. तेलंगणातील नेत्या के. कविता यांनी मुलाच्या परीक्षेसाठी मागितलेला अंतरिम जामीन दिल्लीच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला. त्याच वर्षी जूनमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने भवानी रेवण्णा यांना अटकपूर्व जामीन देताना स्त्री ही कुटुंबाचा केंद्रबिंदू असल्याचे नमूद केले.

जामीन नाकारल्यास लहान मूल आईसोबत कारागृहात राहू शकते. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार, केवळ वयाच्या ६ वर्षांपर्यंत.