आधी स्वतःची चूक मोजा

आजचा लेख म्हणजे अर्धा इतिहास आणि अर्धा माफीनामा.

नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टचा अँटेना हैदराबादच्या एका लॅबमध्ये मोजायला नेला. बनवला होता माझ्या उदगीरच्या पार्टनरनं, मोजायचं काम माझं. व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरला केबल जोडली, आलेख वाकडा आला. "तुझं सोल्डरिंग गंडलंय," मी ठणकावून सांगितलं. बिचाऱ्यानं रात्रभर बसून सगळं पुन्हा केलं. सकाळी तिथल्या सरांनी एकच विचारलं, "कॅलिब्रेशन केलं होतं का?"

नव्हतं केलं!

3 गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी 10 सेंटीमीटर. वाटेत 1 सेंटीमीटर जास्त आलं, तर जाऊन-येऊन फेज 72 अंशांनी फिरते. म्हणून केबलच्या टोकाला आधी शॉर्ट, ओपन आणि 50 ओहमचा लोड एकेक करून लावायचे. तिघांचं खरं उत्तर ठाऊक असतं. यंत्र त्याहून वेगळं दाखवेल ती यंत्राची आणि केबलची चूक. तीन समीकरणं, तीन अज्ञात. पूर्वी या गणिताला वेगळा कॉम्प्युटर लागे. 1984 साली आलेल्या एचपी 8510 मध्ये ते मोजता मोजता आतच होऊ लागलं.

परतीच्या गाडीत पार्टनर बोलला नाही. बिदर आलं, गेलं.

पुढे वाचलं की याच बिदरजवळ 1815 साली विल्यम लॅम्बटननं जमिनीवर एक लांबलचक रेषा मोजली होती. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात अशा मोजक्याच रेषा प्रत्यक्ष मोजत. बाकी सगळं कोनांवरून. म्हणजे इथली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात जाणार. लॅम्बटनची साखळी पोलादी, 100 फुटांची. दुसरी एक साखळी मोजायला न वापरता फक्त तुलनेसाठी जपलेली. सोबत थर्मामीटर, कारण पारा 10 अंश सेल्सिअस चढला की पोलाद किलोमीटरमागे सुमारे 12 सेंटीमीटर वाढतं. एवढं करूनही 1841 साली तीच रेषा पितळ-लोखंडाच्या जोडपट्ट्यांनी पुन्हा मोजली गेली!

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची ही माणसं आधी आपल्या साखळीवर संशय घेत. मी थेट मित्रावर घेतला.

पार्टनर आता लातूरला असतो. परवा फोन करून हे सगळं सांगितलं, सॉरी म्हटलं.

तो हसला. "लई लवकर केलंस की रे कॅलिब्रेशन!"