घशाचा दाह आणि रक्तमोक्षण

थंडीच्या दिवसांत घसा धरला म्हणजे आपल्या घरांतून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू होतात. अठराव्या शतकातील पाश्चात्य वैद्य एवढ्यावर थांबत नसत. घसा जितक्या वेळा सुजे, तितक्या वेळा नश्तर बाहेर निघे. दाह हा रक्ताच्या जोरामुळे होतो अशी त्यांची समजूत असल्याने रक्त काढणे, ढाळ देणे व गळ्यावर फोड आणणारे पलिस्तर मारणे हा ठरलेला क्रम होता.

त्यास विरोध मुळीच झाला नाही असे मात्र नव्हे. लंडनचे डॉ. जॉन फॉदर्गिल यांनी १७४८ साली व्रणयुक्त घसादुखीवर निबंध लिहून, त्या विकारात रक्त काढू नये असे बजाविले होते. पण निव्वळ दाहाची घसादुखी वेगळी मानली जाई, आणि तीत रक्तमोक्षण कायमच राहिले. सबब रोगास नाव कोणते द्यावयाचे यावर रोग्याचा जीव अवलंबून असे.

१७९९ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन बर्फात व पावसात घोड्यावरून फिरून आले. दुसऱ्या दिवशी घसा दुखू लागला, आणि १४ तारखेच्या पहाटे श्वास कोंडला. वैद्य येण्यापूर्वीच त्यांनी कारभाऱ्याकडून आपले रक्त काढविले; पत्नी नको म्हणत असता त्यांनी आणखी काढावयास सांगितले! काकवी, व्हिनिगर व लोणी यांचे मिश्रण घशाखाली उतरेना; गुळणीसाठी मान मागे करताच जीव गुदमरे. दिवसभरात चार वेळा मिळून सुमारे ८० औंस रक्त गेले.

तिघा वैद्यांत सर्वांत तरुण डॉ. डिक. हा नेहमीचा घशाचा गळू नव्हे, रोग्याची शक्ती राखली पाहिजे, असे त्यांचे मत पडले. श्वासनळीस छेद देण्याची सूचनाही त्यांनी केली. वडीलधाऱ्यांनी ती मानिली नाही. श्वासमार्गाच्या तोंडावरील पडद्यास सूज आली असावी, असे आजचे अनेक तज्ज्ञ मानतात. तेव्हा डिक यांचा अंदाज सत्याच्या बराच जवळ होता, असे आम्हांस वाटते. वॉशिंग्टन त्याच रात्री वारले.

काही आठवड्यांनी तिघांपैकी डॉ. ब्राउन यांनी वृद्ध सहकारी डॉ. क्रेक यांस पत्र लिहिले. डिक यांचे ऐकून पुढचे रक्त काढले नसते, तर आपला मित्र कदाचित वाचता, अशी कबुली त्यात आहे. मात्र आपण त्या वेळी ठाऊक असलेल्या उत्तमात उत्तम ज्ञानाप्रमाणेच वागलो, असेही त्यांनी तेथेच लिहून ठेविले आहे.