गायरानाचे गवत आणि मांसाचा कस

इ. स. १८०३ च्या सप्टेंबरात दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा भोकरदनच्या मुलखात उतरल्या आणि २३ तारखेस केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात असईचे रणकंदन झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु हजारो घोड्यांचा तळ कोठे पडावा, हे त्या काळी जितके मुत्सद्द्यांच्या मसलतीवर तितकेच कुरणातील वैरणीवर अवलंबून असे, याचा विचार फारसा होत नाही. त्याच वर्षीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहान्वये शिंद्यांनी जालनापूर परगणा सोडला व पुढे तो निजामाकडे गेला. अंमल बदलला, पण मुलखाची घडी तीच राहिली. मराठी दप्तरांत वनचराई, शिंगशिंगोटी असे कर आढळतात. ज्यावर सरकारने कर बसवावा इतके गवत मोलाचे होते.

या माळांवर पावसाळ्यानंतर मारवेल, पवन्या, शेडा व कुसळी यांची दाटी होई, आणि बोरी-बाभळी, हिवर, अंजन यांचा पाला उन्हाळ्यातही शेळ्यांना पुरे. धनगर आपली दख्खनी मेंढरे घेऊन रानोरान फिरत, शेतकऱ्याच्या मोकळ्या शेतात ती बसवीत, आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घेत. त्याच गवतात रानससा वाढे. फासेपारधी तित्तिर, लाव्हे आणि ससे फाशांत धरून त्यांवर आपला निर्वाह करी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार आता निषिद्ध आहे, आणि ती निषिद्ध राहावी हेच योग्य. तथापि ज्या मांसावर पिढ्यान्‌पिढ्या गोरगरिबांचे पोषण झाले, त्याचा कस कशात होता, हा प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे.

त्याचे उत्तर सशाच्या शरीररचनेत आहे. शेळी-मेंढी रवंथ करणारी. तिने खाल्लेल्या हिरव्या चाऱ्यातील स्निग्धांश प्रथम कोटीपोटातील सूक्ष्मजीवांच्या हाती पडतो आणि त्याचे स्वरूप बहुतांशी पालटून जाते. ससा, रानातला असो वा पिंजऱ्यातला, रवंथ करीत नाही. त्याच्या चाऱ्याचे किण्वन लहान आतड्याच्या पुढे असलेल्या उंडुकात होते, आणि तेथे तयार झालेल्या मऊ लेंड्या तो पुन्हा खाऊन त्यांतील प्रथिने व जीवनसत्त्वे पदरात पाडून घेतो. म्हणजे गवताच्या पात्यातील स्निग्धाम्ले उंडुकातील सूक्ष्मजीवांपर्यंत पोचण्यापूर्वीच लहान आतड्यात शोषली जातात व जवळजवळ मूळ रूपातच मांसात उतरतात. गवताच्या व लसूणघासाच्या पानांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल विपुल असते. ते ओमेगा-३ वर्गातले. मक्यात त्याउलट ओमेगा-६ वर्गाचे लिनोलेनिक नव्हे, लिनोलेइक आम्ल प्रबळ असते. म्हणून हिरव्या चाऱ्यावर पोसलेल्या सशाच्या मांसात ओमेगा-३ चे प्रमाण वाढते आणि दोन वर्गांतील तोल माणसाच्या हृदयाला अधिक हितकर होतो. हिरव्या पाल्यातील ई जीवनसत्त्व ही स्निग्धाम्ले खवट होऊ देत नाही. गवत वाळले की यातला बराच गुण उणा होतो. हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे की निव्वळ गवतावर ससा हळू वाढतो आणि त्याच्या अंगी मांस कमी धरते. दाणा देणाऱ्याचा हिशेब सर्वस्वी चुकीचा नाही.

शेळी-मेंढीच्या बाबतीतही हाच नियम, मंद प्रमाणात, लागू पडतो; कोटीपोटातून निसटलेला अंश मांसात येतोच. जालन्याच्या माळावर चरलेल्या बोकडाचे मटण ही म्हणूनच केवळ चवीची गोष्ट नव्हे.

परंतु माळच उरला नाही. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशव्यापी सत्याग्रह करून पडीक जमिनीची मागणी केली. ज्याच्या नावावर एक बिघा नव्हता त्याने गायरान कसले, तर त्यास दोष देणे मला अन्यायाचे वाटते. नुकसान झाले ते अन्यत्र. १९६४ मध्येच जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली, संकरित वाणांचे युग आले, आणि कालांतराने ज्वारीच्या कडब्याची जागा कापूस व सोयाबीनने घेतली. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा वैरण ही विकत घेण्याची वस्तू बनू लागली होती.

आज पिंजऱ्यात न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला जातीचे ससे पाळण्याचा व्यवसाय काही तरुण करू पाहतात. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय संस्थेने या पालनाचा शास्त्रीय अभ्यास केलेला आहे. अशांना माझे सांगणे इतकेच की पिंजरा विकत घेण्यापूर्वी विहिरीजवळ लसूणघासाचा वाफा करावा, बांधावर शेवरी लावावी, आणि दाण्याचे पोते हे जोडआहार म्हणून ठेवावे, मुख्य आहार म्हणून नव्हे.