कर्करुग्णांतील जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग
रक्ताच्या कर्करोगात केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर ५००पेक्षा कमी झाल्या, की बुरशीचा प्रतिकार करण्याची शरीराची शक्ती क्षीण होते. जांघ व जननेंद्रियाच्या त्वचेवर सहसा कॅन्डिडाचा संसर्ग होतो. लाली व खाज ही त्याची लक्षणे. २०२१मध्ये कोरोनाच्या साथीत चर्चेत आलेला म्युकरमायकोसिस येथे क्वचितच होतो, पण तो घातक असतो. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते. त्यामुळे दुखरा चट्टा झपाट्याने काळा पडतो. निदान बायोप्सीने होते. कॅन्डिडावरील फ्लुकोनॅझोल यावर निरुपयोगी ठरते. अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे औषध आणि मृत भाग काढण्याची शस्त्रक्रिया तातडीने आवश्यक असते. संकोचापोटी चट्टा लपवणे जिवावर बेतू शकते. तो दिसताच डॉक्टरांना दाखवावा.